म्हातारीचे दोनशे बत्तीस यार्ड

२३२ यार्ड

इथून झेंडा आगकाडीएवढा दिसतो, आणि पाऊस तिरपा आला की तोही दिसत नाही.

पोर्टलारीच्या गोल्फ मैदानावरचा हा अकरावा होल. नाव कायाख. गेलिक भाषेत कायाख म्हणजे म्हातारी, आणि गावातली माणसं तिच्याबद्दल बोलतातही तशीच. आज म्हातारी चिडलीय. म्हातारीनं मला सहा दिले. म्हातारीच्या तोंडी कोण लागणार. कागदावर ती तीन फटक्यांची: चौथऱ्यावरून एकच फटका दोनशे बत्तीस यार्ड मारायचा, चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळगीभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, बसवायचा, मग हलक्या हातानं दोन टोले देऊन तो खळगीत टाकायचा. झाले तीन. पण कागदाला समुद्रावरचा वारा लागत नाही.

चौथऱ्याच्या मागे दहा पावलांवर पत्र्याची शेड आहे. तिच्यात गवत कापायची यंत्रं, वाळूची पोती, एक स्टूल, आणि बहुतेक वेळ आयव्हर मकाय. वय त्रेसष्ट. सदतीस वर्षं हे मैदान त्याच्या हाताखाली आहे. आई होती तोवर घरी बोलायला कुणी होतं. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. आता घरी रेडिओ आहे.

मैदान राखायचं काम असं, की माणसं दिवसभर दिसतात आणि भेटत मात्र नाहीत. खेळणारे आले की यंत्र बंद करायचं, बाजूला व्हायचं, ते पुढे गेले की पुन्हा चालू करायचं. ते लांबून हात वर करतात, आपणही करायचा. पोर्टलारीतले कित्येक जण आयव्हरला तीस वर्षं ओळखतात ते या वर केलेल्या हातामुळे.

फक्त इथं तसं होत नाही. म्हातारी लांब आहे, म्हणून पुढचे ग्रीनवर पोचेपर्यंत मागचे येऊन ठेपतात. मग एक रिवाज आहे. पुढचे आपले चेंडू तिथंच ठेवून ग्रीनच्या कडेला उभे राहतात आणि मागच्यांना हातानं खूण करतात: मारा. मागचे मारतात. त्यांचे चेंडू कुठं पडले ते पुढचे बघतात, हसतात, झुडपांत गेलेला चेंडू शोधून देतात, आणि मग आपला खेळ संपवतात. तोवर त्यांच्याही मागचे चौथऱ्यावर आलेले असतात. शनिवारी तर इथं यात्रा भरते. पिशव्या टेकतात, फ्लास्क उघडतात, कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कुणाच्या मेंढ्यांना झालेला रोग.

आयव्हर शनिवारी सकाळी यंत्रांची पाती धार लावायला बाहेर काढायचा. पात्यांना दर शनिवारी धार लावावी लागत नाही. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा समज असा होता की दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही.

१९० यार्ड

इथं डाव्या हाताला काटेरी पिवळ्या झुडपांची रांग सुरू होते. तिच्यात गेलेला चेंडू तिचा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात क्लबचा कप्तान केनेथ ब्रेम्नर या रांगेजवळ मोजायचं चाक ढकलत फिरताना आयव्हरला दिसला. ब्रेम्नर गावचा दंतवैद्य होता. आता निवृत्त. निवृत्त झालेला हुशार माणूस क्लबचा कप्तान झाला की काय होतं ते आयव्हरनं पूर्वी तीनदा पाहिलं होतं.

"चहा पाज रे," ब्रेम्नर म्हणाला.

"फ्लास्कमध्ये आहे. झाकणात घे. झाकण पुसून घे."

"शनिवारी मी इथं घड्याळ लावून उभा होतो. सदतीस मिनिटं, आयव्हर. एका होलवर सदतीस मिनिटं. तेवढ्यात मी दोन दाढा काढून पेशंटला घरी पाठवायचो."

"माझ्या काढल्यास तेव्हा दीड तास लागला होता."

"तुझी मुळं वाकडी होती. ऐक. बाहेरचे पाहुणे तक्रार करतात. आपले म्हातारेही करतात, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे, कुणाचाही चेंडू तिथवर पोचत नाही. मी नवा चौथरा बघून ठेवलाय. एकशे अठ्ठावन्नवर. छान सपाट जागा आहे. कुणी अडणार नाही, कुणी थांबणार नाही."

"थांबले तर काय बिघडलं?"

"काय बिघडलं म्हणजे? माणसं खेळायला येतात."

आयव्हरनं झाकण परत घेतलं, उरलेला चहा गवतावर ओतला. मनात होतं ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि जे शब्द होते ते दंतवैद्यापुढे काढण्यासारखे नव्हते.

"कमिटीत पाच इकडे, पाच तिकडे," ब्रेम्नर म्हणाला. "शेवटचं मत माझं. पण मला कुणाच्या शिव्या खायच्या नाहीत, म्हणून मी आकड्यावर सोडलंय. सप्टेंबरच्या मेडल स्पर्धेला फटक्यांची जेवढी कार्डं येतील, त्या सगळ्यांवरची अकराव्याची सरासरी काढायची. चारच्या खाली आली तर म्हातारी आहे तशी राहील, माझ्या तोंडून पुन्हा नाव निघणार नाही. चार किंवा वर, तर चौथरा पुढे. बोल, यात काही गैर आहे?"

"नाही."

"गेल्या वर्षीची मी काढून ठेवलीय. साडेचार."

आणि तो चाक ढकलत निघून गेला. जाताना मागं न बघता त्यानं हात वर केला.

१४० यार्ड

मिसेस रॉसचा पहिला फटका चौथऱ्यापासून एवढाच जातो. वारा पाठीशी असला तर एकशे पंचेचाळीस.

जेमायमा रॉस चौऱ्याऐंशीच्या. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागं बसल्या, त्यामुळे गावात कुणाला कुठून पत्रं येतात आणि कुणाला येत नाहीत हे त्यांना पाठ. त्या आणि नेटा मन्रो, दोघी मिळून बावन्न वर्षं खेळल्या. एप्रिलमध्ये नेटा गेली. क्लबमध्ये कोटांच्या खुंट्यांवर एक जुनी पाटी आहे: एकट्या खेळाडूला मैदानावर हक्क नाही, त्यानं कोणत्याही जोडीला वाट द्यावी. नियमाच्या पुस्तकातून ते वाक्य कधीच गेलं, पाटी राहिली. मिसेस रॉस पाटी पाळायच्या. मागून कुणी आलं की बाजूला व्हायच्या, कधी कधी एका फेरीत सात वेळा.

म्हाताऱ्यांना म्हातारी झेपत नाही असं ब्रेम्नर म्हणाला होता, त्यावर त्या आयव्हरला म्हणाल्या होत्या, "त्याला म्हणावं, माझे दात काढलेस तेवढं पुरे, माझे यार्ड काढू नकोस."

त्यांची रीत ठरलेली. पहिला फटका तेवढाच, झुडपांपासून लांब. दुसरा लाकडी दांड्यानं, जमिनीलगत, ग्रीनच्या डाव्या अंगाला. तिथं जमीन उजवीकडे उतरते, चेंडू घरंगळत आत शिरतो. म्हातारी समोरून कुणाला आत घेत नाही, पण परसदार उघडं ठेवते. ज्याला लांब मारता येत नाही त्याला वळसा घालून जाता येतं. वळशानं गेलं की चार. बावन्न वर्षांत मिसेस रॉसना हजारो चार मिळाले, पाच मिळाले, एकदा गारांच्या पावसात अकरा मिळाले. तीन कधी मिळाला नाही. नेटाला दोनदा मिळाला होता आणि ती ते विसरू द्यायची नाही.

"मरायच्या आधी एक तीन," त्या म्हणायच्या. "फार मागत नाही मी."

९५ यार्ड

इथून ग्रीनचा आकार पहिल्यांदा नीट दिसतो.

त्याला दोन मजले आहेत. उजवीकडे, मागं, वरची पायरी: अरुंद, वाऱ्यावर उघडी, तिथं चेंडू टिकवणं म्हणजे उतरत्या छपरावर अंडं ठेवणं. डावीकडे, पुढं, वाटी: तिन्ही बाजूंनी जमीन आत झुकलेली, जवळपास पडलेला कुठलाही चेंडू गोळा करून तळाशी आणणारी.

खळगी रोज नवीन जागी कापायची आणि कुठं कापायची ते फक्त ग्रीनकीपरनं ठरवायचं. कप्तानालाही विचारायचं नसतं. पण पोर्टलारीत एक गोष्ट ठरलेली होती. मेडलच्या दिवशी म्हातारीची खळगी वरच्या पायरीवर. आयव्हरला काम शिकवणारा गिल्बर्ट बेन हेच करत आला, त्याच्या आधीचाही. का, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बेन एवढंच म्हणाला होता, "वाटीत मंगळवारी कापावी. पाहुण्यांना बरं वाटतं."

मेडलच्या शनिवारी उजाडताना आयव्हर ग्रीनवर आला. लांब वेताच्या काठीनं दव झाडलं. शुक्रवारची खळगी मधोमध होती. मातीचं बूच काढायचा गोल साचा खांद्यावर घेऊन तो वरच्या पायरीवर गेला. साचा टेकवला. दोन्ही हातांनी मूठ धरली.

साडेचार.

तो तसाच उभा राहिला. समुद्र ओहोटीला होता आणि खाली दगडांवर कुठंही पक्षी नव्हते.

मग त्यानं साचा उचलला, चालत वाटीत आला आणि तळाशी दाबला. फिरवला, दाबला, फिरवला, वर ओढला. काळ्या वाळूचं बूच अखंड निघालं. ते नेऊन त्यानं शुक्रवारच्या खळगीत बसवलं, पाणी घातलं, बुटानं दाबलं. नव्या खळगीत कप टाकला, झेंडा रोवला. वरच्या पायरीवर साच्यानं गोल खूण उठली होती, तिच्यावर बोटांनी गवत सारखं केलं.

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते करताना इकडे तिकडे बघावंसं वाटलं.

४० यार्ड

इथवर आलेला चेंडू त्या दिवशी थांबत नव्हता. उतार मिळायचा आणि तो वाटीत.

पहिल्या तिघांत बेकरीवाला टॉर्मड गन होता. आयव्हर स्टुलावर, मांडीवर पातं, हातात कानस.

"अरे, वाटीत?" टॉर्मड डोळ्यांवर हात धरून म्हणाला. "आयव्हर, मेडल आहे ना आज? की तुझं लग्नबिग्न ठरलं?"

"वरची पायरी ओली आहे," आयव्हर म्हणाला.

"असू दे, असू दे. मी कुठं तक्रार करतोय."

त्यानं मारला. चेंडू वीस यार्ड अलीकडे पडला, गेला, गेला, आणि झेंड्यापाशी वाकून नमस्कार केल्यासारखा थांबला. टॉर्मडनं पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच निघाला. जावयाबद्दल काही बोलला नाही. जावई गेल्या महिन्यात घर सोडून गेला होता आणि आयव्हर तीन आठवडे त्याची पुढची हकिगत ऐकायला थांबला होता.

मागचे आले तेव्हा ग्रीन मोकळं होतं. त्यांच्या मागचे आले तेव्हाही. कुणाला खूण करायला लागली नाही, कुणाला कडेला उभं राहावं लागलं नाही. सगळ्यांचे चेंडू वाटीत गोळा होत होते, दोन टोल्यांत, कधी एकात, आत जात होते. पिशव्या खांद्यावरून उतरत नव्हत्या. "मस्त कापलीयस, आयव्हर." "हे असंच ठेव बघ." "चल, बारावा मोकळा आहे." साडेअकराला त्यानं फ्लास्क उघडला आणि एक झाकण चहा पिऊन परत बंद केला. दुपारपर्यंत त्यानं चार पाती धारदार केली. पाचवं काढलं, ते आधीच धारदार होतं.

म्हातारी वाचत होती. प्रत्येक तीन ऐकून तो मनात खूण करत होता: वाचली, वाचली. आणि त्याचबरोबर त्याला समोर दिसत होतं की एकशे अठ्ठावन्नचा चौथरा झाला तर प्रत्येक शनिवार कसा असेल. तो हा असा असेल.

३ यार्ड

शेवटचं नाव जेमायमा रॉस. यादीत एकट्याच. मेडलचं कार्ड दुसऱ्या कुणीतरी लिहायला लागतं, स्वतःचं स्वतः लिहून चालत नाही. दहाव्यापर्यंत कप्तानाची कुणी पुतणी बरोबर होती. तिला फोन आला आणि ती गेली.

"तू लिहिशील का रे?" मिसेस रॉस चौथऱ्यावर येऊन म्हणाल्या. "की तुझी पाती वाट बघतायत?"

"पाती कुठं पळतायत," म्हणत आयव्हरनं हात पुसले, कार्ड आणि पेन्सिल घेतली.

"झेंडा कुठं आहे? मला आता धुकंच दिसतं."

त्यानं कार्ड खिशात घातलं. "तुम्ही नेहमीसारखं मारा."

त्यांनी मारला. एकशे चाळीस. दोघं चालत गेले. त्या सांगत होत्या, नेटाच्या मुलीनं तिचे दांडे विकायला काढलेत, दोन पुतळे आणि एक शिवणयंत्र यांच्याबरोबर, एकाच जाहिरातीत. आयव्हर ऐकत होता. दिवसातलं ते पहिलं बोलणं होतं.

दुसरा फटका त्यांनी नेहमीसारखा डाव्या अंगाला ठेवला. चेंडू जमिनीलगत गेला, उताराला लागला, आणि इतर वेळी जिथं सुस्तावतो तिथं न थांबता वळला आणि खाली नाहीसा झाला.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"चला तर."

चेंडू झेंड्यापासून तीन यार्डांवर होता. मिसेस रॉसनी तो पाहिला, फक्त चेंडू. बाकी कशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दांडा दोनदा जमिनीला टेकवला. आयव्हरनं झेंडा काढला आणि बाजूला झाला. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. पोस्टाच्या खिडकीत तो निराळाच असायचा.

० यार्ड

आत.

त्या ओणवून चेंडू काढायला गेल्या आणि तशाच राहिल्या, एक हात गुडघ्यावर. त्यांनी डावीकडचा चढ पाहिला. उजवीकडचा पाहिला. मग मान वर करून वरच्या पायरीकडे पाहिलं, जिथं काहीच नव्हतं.

"आज मेडल आहे ना, आयव्हर?"

"हो."

"मग हे वाटीत कसं?"

वरची पायरी ओली आहे हे वाक्य तोंडाशी आलं. सकाळपासून ते त्यानं नऊ जणांना सांगितलं होतं.

"आकडा खाली यावा म्हणून," तो म्हणाला.

 मिसेस रॉसनी खळगीतून चेंडू काढला, कोटाला पुसला, खिशात टाकला. कार्डाकडे बोट केलं.

"तीन लिही."

"मिसेस रॉस, मी..."

"तीन फटके मारले. तीनच लिहायचे असतात. दुसरं काय लिहिणार तू?"

त्यानं लिहिलं. बाराव्याच्या चौथऱ्यापर्यंत तो बरोबर गेला, मग अठराव्यापर्यंतही गेला, कारण कार्ड लिहायचं होतं. सात होलांत त्या फक्त आकडे बोलल्या. पाच. सहा. पाच.

क्लबचा बार, संध्याकाळी सहा

सूप, मटण-पाय, ओली जाकिटं. पाय म्हणजे पिठाच्या पारीत खिमा भरून भाजलेले, बेकरीतले. टॉर्मडनं आणले होते. ब्रेम्नरनं चमचा ग्लासावर वाजवला.

"सेहेचाळीस कार्डं. अकराव्याचे एकूण फटके एकशे एक्कावन्न. सरासरी तीन पूर्णांक अठ्ठावीस. म्हातारी जिंकली, मी हरलो, आणि दिलेला शब्द मी पाळतो."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, मेडलला आता कायम वाटीतच ठेवा, आणि त्याला जास्त टाळ्या पडल्या. मिसेस रॉस खिडकीपाशी बसून सुपात ब्रेड बुडवत होत्या.

आयव्हर दारात होता. बुटांना माती होती म्हणून तो गालिच्यावर आला नव्हता.

"ते धरू नका," तो म्हणाला.

"काय?"

"आकडा. मी मुद्दाम वाटीत कापली. मेडलला पायरीवर कापतात."

ब्रेम्नर हसला. वाईट हसला नाही. "अरे बाबा, आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्यांना माहितीये. मलाही. तुला हवं होतं ते झालं, आता गप्प बस आणि ग्लास घे."

"ऑक्टोबरच्या मेडलला पायरीवर कापतो. तेव्हा मोजा."

"तेव्हा साडेचार येईल."

"येईल."

"मग स्वतःच्या हातानं पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?"

आयव्हरनं खोलीत पाहिलं. पन्नास एक माणसं त्याच्याकडे बघत होती. एवढी एकदम त्याच्याकडे कधी बघत नसत. "मिसेस रॉसना तीन मिळाला," तो म्हणाला. "बावन्न वर्षांनी. आणि तो असला."

"माझं नाव मध्ये आणू नकोस," मिसेस रॉस सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "माझा तीन आहे. त्याचं काय करायचं ते मी बघीन."

कुणी हसलं नाही. टॉर्मडनं बूट न बघता आयव्हरला हाताला धरून आत घेतलं आणि मटण-पायची बशी पुढे केली. ब्रेम्नरनं आकड्याचा कागद दुमडला.

"ठीक आहे. ऑक्टोबर. पण मग मात्र तो शेवटचा."

२३२ यार्ड, पुन्हा

ऑक्टोबरच्या मेडलला वारा ईशान्येकडून आला, थेट तोंडावर. झेंडा वरच्या पायरीवर वाकून उभा होता.

नऊ वाजता पहिले आले. साडेनऊला चौथऱ्यावर नऊ माणसं होती. दहाला बारा. ग्रीनच्या कडेला तिघं कुडकुडत हातानं खूण करत होते, मारा, मारा, आणि इकडून मारलेले चेंडू झुडपांत, वाळूत, कुठल्या कुठं जात होते.

टॉर्मडनं स्टूल मागून घेतलं. जावई परत आला होता. परत आला, दोन दिवस राहिला, कुत्रा घेऊन गेला. "कुत्रा माझा होता," टॉर्मड म्हणाला. "माणूस गेला त्याचं काही नाही. कुत्रा तेरा वर्षांचा आहे रे, त्याला नवीन घरात रात्री जिने कळणार नाहीत."

"तू जाऊन आण," आयव्हर म्हणाला.

"मुलगी म्हणते भांडण नको."

"भांडण नको तर मी जातो. मला कोण काय म्हणणार? माती लागलेले बूट घेऊन उभा राहीन, देतील."

सगळे हसले, टॉर्मड डोळे पुसत हसला. कुणीतरी छोटी बाटली फिरवली. शिक्षिका असलेल्या फिओना सिंक्लेअरनं सांगितलं की तिला इन्व्हरनेसला बदली मिळतेय आणि तिला जायचं नाही, हे तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगून ती स्वतःच दचकली. मग तिची पाळी आली, तिनं मारला, चेंडू समुद्राच्या दिशेनं गेला आणि ती "बरं झालं" म्हणाली. सव्वाअकराला ब्रेम्नरचा गट आला. तो चाळीस मिनिटं उभा राहिला. घड्याळ बघितलं, मग हात खिशात घातला. त्याच्या बायकोच्या तपासण्या चालू होत्या, हे आयव्हरला त्या चाळीस मिनिटांत कळलं. गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"इथं उभं राहिलं की माणूस काहीही बोलतो," ब्रेम्नर वैतागून म्हणाला. आणि फटका मारायला गेला. त्याला सहा लागले.

त्या दिवशी आयव्हरनं एकाही पात्याला हात लावला नाही. चहा तीनदा केला. बोलून बोलून त्याचा घसा बसला, आणि तो बसतो म्हणजे काय होतं हे त्याला बऱ्याच वर्षांनी आठवलं.

मिसेस रॉस शेवटी आल्या. त्यांचं कार्ड त्यानंच लिहिलं. त्यांना पाच लागले, दोन फटके पायरीवरून घरंगळत खाली आल्यामुळे. चालताना त्या फिओनाच्या बदलीबद्दल बोलल्या. पोस्टात बसून बसून त्यांना सगळं आधी कळायची सवय होती, आणि हे आयव्हरकडून कळलं याचा त्यांना थोडा राग आला होता.

एक्केचाळीस कार्डं. एकशे एकोणनव्वद फटके. चार पूर्णांक एकसष्ट.

१५८ यार्ड

नवा चौथरा आयव्हरनं हिवाळ्यात बांधला. जुन्या चौथऱ्यावरचं गवत चौकोनी तुकड्यांत सोलून ढकलगाडीतून आणलं आणि इथं अंथरलं, सांधे दिसणार नाहीत असं. वाईट काम करता येईल का, हे त्यानं एकदा मनाशी तपासून पाहिलं. हाताला ते जमलं नाही. फेब्रुवारीत बर्फ पडलं तेव्हा तो पोत्यांनी चौथरा झाकून आला.

शेड जिथं होती तिथंच राहिली. आता ती चौथऱ्यापासून आणखी चौऱ्याहत्तर यार्ड मागं पडली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी नव्या जागेवरून खेळ सुरू झाला. आयव्हरनं स्टूल आणि दोन पाती घेऊन पुढं यायचं ठरवलं होतं, आलाही. पहिले तिघं आले, मारून गेले. दुसरे आले तेव्हा ग्रीन रिकामं होतं. टॉर्मड म्हणाला, "काय सपाट केलायस, बिलियर्डचं टेबल जणू," आणि चालता चालताच त्यानं मागं वळून सांगितलं की कुत्रा बरा आहे. बाकीचं वाऱ्यात गेलं. अकराच्या सुमारास आयव्हरनं पाती शेडमध्ये नेऊन ठेवली, कारण धार काढायच्या आवाजानं खेळणाऱ्यांचं लक्ष जातंय असं त्यालाच वाटायला लागलं.

दुपारी तीनला मिसेस रॉस आल्या, एकट्या. मागं कुणी नव्हतं. त्यांनी एक मारला. चेंडू ग्रीनच्या तोंडाशी गेला. दुसरा हलकासा, वर. तिसरा आत. आयव्हर लांब उभा होता, हातात दव झाडायची काठी.

"किती?" त्यानं ओरडून विचारलं.

त्यांनी तीन बोटं दाखवली. वाऱ्यात कोट सावरला, पिशवीची गाडी वळवली आणि बाराव्याकडे निघाल्या. त्यांना येऊन अकरा मिनिटं झाली होती. तो ग्रीनवर गेला, त्यांच्या बुटांचे ठसे होते तिथलं गवत काठीनं सारखं केलं, आणि मग उगाचच संपूर्ण ग्रीन झाडून काढलं, वाटी, मध, वरची पायरी. बाराव्यावर त्या अजून दिसत होत्या. पुढं कुणी नव्हतं, मागंही कुणी नव्हतं, तरी त्या एकदा थांबल्या आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या, मग पुन्हा चालायला लागल्या.